भरणीतल्या नाण्यांची सोबत

नाणी जमवतो असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ह्याचे किती मिळतील?" तीस वर्षांत हा प्रश्न मला मांडवात, बसमध्ये, साईटवर आणि एकदा तर स्मशानातून परत येताना वाटेत विचारला गेला आहे. माझं उत्तरही ठरलेलं आहे. विकायची नाहीत, म्हणून ठाऊक नाही. त्यावर समोरचा थोडा हिरमुसतो. मग दुसरा प्रश्न येतो : "मग जमवता कशाला?"

गेल्या बैठकीत आपल्या एका तरुण सभासदानं हाच प्रश्न जरा वेगळ्या तऱ्हेनं विचारला. कारापुरात पोर्तुगीज येण्याआधी आणि ते आल्यानंतर लोकांच्या हातात कुठला पैसा खेळत होता, ह्याचा काही पुरावा तुमच्या संग्रहात आहे का? मी गप्प बसलो. पुरावा माझ्या हातात होता, आणि तो मीच मोडला होता. तो कसा मोडला हे सांगण्यासाठी हा निबंध.

भरणी

आमचं जुनं घर कारापूरला. ज्यांना गाव माहीत नाही त्यांच्यासाठी : डिचोली तालुका, साखळीला लागून, वाळवंटीच्या काठी. विठ्ठलापूरचं विठ्ठल मंदिर बहुतेकांनी पाहिलेलं असतं, निदान त्रिपुरारी पौर्णिमेला नदीत सोडलेल्या होड्या तरी. ते विठ्ठलापूर कारापुरातच येतं.

मी बारा-तेरा वर्षांचा असताना घराची कौलं उतरवली होती. माळ्यावरचं सामान खाली आलं, त्यात लोणच्याची एक चिनी मातीची भरणी होती. तोंडाला फडकं बांधलेलं, आत दोन-तीन ओंजळी नाणी. आजी चुलीपाशी होती. तिनं मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, "हे आतां खंय चलतात मरे? व्हर, खेळूंक जातले."

चलत नाहीत म्हणून खेळायला मिळाले, इतका साधा हा व्यवहार. माझ्या छंदाचा जन्म तिथला.

आत काय होतं

जेवढं आठवतं तेवढं सांगतो. आठवणीवर विसंबून सांगावं लागतंय, ही माझ्या चुकीची पहिली खूण समजा.

वरच्या थरात एस्कुद-सेंतावची नाणी होती, १९५८ आणि १९५९ सालची. मुलांना आवडावीत अशी स्वच्छ आणि टणक. त्यांच्यावर ढालीत एक चाक दिसतं. मी ते बैलगाडीचं चाक समजायचो. ते सांता कातारीनाचं चाक आहे, हे पुष्कळ वर्षांनी कळलं. २५ नोव्हेंबर १५१० हा तिचा सणाचा दिवस, आणि त्याच दिवशी आफोंसो द आल्बुकेर्कनं गोवा शहर दुसऱ्यांदा जिंकलं. म्हणून तिच्या छळाचं ते चाक पोर्तुगीज हिंदुस्थानच्या चिन्हात बसलं.

ह्या नाण्यांचे आकडे विचित्र वाटतात : १०, ३०, ६० सेंताव, १, ३ आणि ६ एस्कुद. तीस आणि साठ कशाला? इंजिनियर झाल्यावर एकदा कागदावर मांडून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. जुना १ रुपिया म्हणजे नवे ६ एस्कुद, म्हणजेच ६०० सेंताव. मग ३ एस्कुद हा अर्धा रुपिया, ६० सेंताव हा रुपियाचा दहावा भाग आणि ३० सेंताव हा विसावा. दशमान पद्धत वरून लादली गेली, पण हिशेबाचा पाया लोकांच्या रुपियावरच राहिला. गंमत म्हणजे जुना एक तांगा आता साडेसदतीस सेंतावांचा झाला. तिकडे भारतात १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले होते आणि तिथला एक आणा सव्वासहा पैशांचा झाला होता. सीमेच्या अलीकडे साडेसदतीस, पलीकडे सव्वासहा! बाजाराला जाणाऱ्या बायकांनी हे हिशेब कसे केले असतील, ह्याचं मला अजून कौतुक वाटतं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि मग हा सगळाच घोळ मिटला. ती नाणी चालली जेमतेम तीन वर्षं.

त्याखाली तांगा आणि रुपियावाली नाणी होती : १९४७ आणि १९५२ चे तांगे, १९३४ चे निकेलमिश्रित दोन तांगे. त्यांतच दोन-तीन पाव तांगे, राजा लुईशच्या काळातले, १८८१ आणि १८८४ चे.

ह्या लुईशच्या नाण्यांमागे एक तह आहे. १८७८ च्या डिसेंबरात ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला आणि १८८० पासून तो अंमलात आला. मीठ, जकात, रेल्वे ह्यांच्याबरोबर त्यात नाण्यांचाही विषय होता. त्यापूर्वी गोव्याचा रुपिया ६०० रेइशांचा, म्हणजे दहा तांगांचा. तहानंतर तो ९६० रेइशांचा, सोळा तांगांचा झाला. म्हणजे ब्रिटिश रुपयाचे जसे सोळा आणे, तसे. वजन आणि चांदीही ब्रिटिश रुपयाइतकीच. नाणी पाडली गेली ती कलकत्त्याच्या टांकसाळीत! एका बाजूला पोर्तुगालचा राजा, पण ठोकलेली बंगालमध्ये. तह पुढे १८९२ मध्ये संपला, पण सोळा तांगांचा रुपिया १९५८ पर्यंत टिकला. आजही आमच्याकडची म्हातारी माणसं सोळा आणे बरोबर म्हणतात, ते एका अर्थानं ह्या तहाचंच उरलेलं शेपूट आहे.

मग इंग्रजी नाणी. कंपनीचा १८३५ चा पाव आणा, पंचम जॉर्जचे पैसे. घरातली पुरुष माणसं मुंबईला नोकरीला होती, त्यांच्या खिशातून ती आली असणार. असणार, एवढंच म्हणू शकतो.

आणि तळाशी जाड, ओबडधोबड तांब्याचे तुकडे. धड गोलही नव्हते. काहींवर देवनागरी अक्षरांच्या रेघा होत्या, काही पार गुळगुळीत. मुलाच्या नजरेला सगळ्यांत नकोसे वाटणारे तेच.

एक नाणं मात्र सुट्टं नव्हतं. हळदीनं पिवळ्या झालेल्या चिंधीत घट्ट गाठ मारून ठेवलेलं होतं. दातांनी गाठ सोडवली, आत १९१२ चा चांदीचा रुपिया निघाला, पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यानंतरचा.

मी काय केलं

सगळी नाणी अंगणात ओतली. चिंच आणि चुलीतली राख लावून एकेक घासलं. दोन दिवस लागले. तांबं असं चकाकलं की शेजारची मुलं बघायला आली. मग शाळेतल्या मित्रांच्या सांगण्यावरून देशाप्रमाणे, राजाप्रमाणे, सालाप्रमाणे वेगळी केली. एकाच सालाची दोन असतील तर एक देऊन टाकायचं, हा संग्राहकांचा नियम मला कोणीतरी शिकवला होता. तळाचे जाड तुकडे कुठल्याच खान्यात बसेनात. त्यांतले मूठभर देऊन एका मुलाकडून चौथ्या जॉर्जचं म्हणून एक नाणं घेतलं (ते नंतर बिल्ला निघाला). उरलेले घरच्या फुटक्या तांब्या-कळशीबरोबर तांबटाकडे वजनावर गेले. चिंधी चुलीत गेली.

ते तुकडे बहुधा शिवराया होत्या. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असा लेख असलेलं हे तांब्याचं नाणं शिवकाळात सुरू झालं, पण त्याच धर्तीची नाणी पुढे पेशवाईत आणि नंतरही पडत राहिली, आणि एकोणिसाव्या शतकातही दख्खनच्या बाजारात ती चालत होती. डिचोली आणि सत्तरी हे भाग पोर्तुगीजांकडे गेले १७८१-८२ च्या सुमारास, पेडणे १७८८ मध्ये. त्याआधी इथे सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता. जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे तिसवाडी, बार्देश, साष्टीतल्या माणसाच्या हातात तेव्हा बाजारुक आणि तांगा खेळत होता. आमच्याकडचा पैसा घाटावरून येत होता.

म्हणून त्या तुकड्यांचं महत्त्व. नुसत्या शिवराया बाजारात आजही पुष्कळ मिळतात. पण कारापूरच्या एका घरात, एका भरणीत, लुईशच्या पाव तांग्याखाली पडलेल्या शिवराया म्हणजे वेगळी गोष्ट. किती होत्या? कितपत झिजल्या होत्या? सावंतवाडीचं एखादं नाणं त्यांत होतं का? ह्यावरून तांगा आल्यावरही आमच्या गावात जुना पैसा किती काळ चालला ह्याचा काही अंदाज करता आला असता. बैठकीतल्या त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर त्यात होतं. १७८१ पूर्वीचा थेट पुरावा झाला असता असं मी म्हणणार नाही, कारण शिवराई नंतरही चालली. पण काहीतरी कळलं असतं. आता काहीच कळणार नाही.

कोसंबींचा तराजू

हे शहाणपण मला कुठून आलं? दोन गोव्याच्या माणसांकडून, आणि थोडं माझ्या पोटापाण्याच्या धंद्यातून.

पहिले दामोदर धर्मानंद कोसंबी. १९०७ मध्ये गोव्यात जन्म, शिक्षण अमेरिकेत, पेशा गणिताचा. पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात शिकवत असताना त्यांनी प्राचीन आहत नाणी तोलायला घेतली. चांदीचे हे तुकडे, त्यांवर सूर्य, डोंगर, झाड, प्राणी असे ठसे. ना राजाचं नाव, ना साल. कोसंबींचा मुद्दा कुठल्याही किराणा दुकानदाराला पटावा असा आहे. नाणं हातातून हातात फिरलं की झिजतं. जितकं जास्त फिरलं तितकं सरासरी वजन कमी, आणि एका नाण्याचं दुसऱ्याशी अंतर जास्त. हे तपासण्यासाठी त्यांनी आपल्या काळात चालू असलेली नाणीसुद्धा मोठ्या संख्येनं तोलली. मग तोच हिशेब जुन्या नाण्यांना लावला.

पण ह्या हिशेबाला एक अट आहे : नाणी एकत्र सापडलेली हवीत. त्यांनी तक्षशिलेच्या निधींवर काम केलं ते म्हणूनच. तिथल्या भीर टेकाडात १९२४ मध्ये सापडलेल्या निधीत आहत नाण्यांच्या सोबत अलेक्झांडरची दोन आणि फिलिप आऱ्हिडिअसचं एक अशी तीन ग्रीक नाणी होती, जवळजवळ नवी कोरी. अलेक्झांडर इ. स. पू. ३२३ मध्ये वारला आणि त्याच्यामागून हा फिलिप गादीवर आला. त्यामुळे अख्खा निधी साधारण कुठल्या काळात पुरला गेला हे ठरवता आलं. विचार करा, ती तीन नाणी कोणी 'परदेशी' म्हणून वेगळ्या पाकिटात घातली असती आणि बाकीची वाटून टाकली असती तर? तीन सुंदर ग्रीक नाणी उरली असती आणि हजारावर मुके तुकडे.

मी अंगणात नेमकं हेच केलं होतं.

माझ्या धंद्यातही हे रोजचंच आहे. खाणीच्या पट्ट्यात मी बरीच वर्षं काम केलं. बोअर मारला की आतून दगडाचे दंडगोल निघतात. ते लाकडी पेटीत क्रमानं मांडायचे आणि प्रत्येकापाशी खोली लिहायची. एखाद्या नवख्यानं पेटी उपडी केली तर दगड तेच राहतात, त्यांचं वजनही तेच, पण त्यांचा उपयोग संपतो. पेटी सांडली म्हणून मी पोरांवर ओरडलो आहे. भरणी कोणी सांडली हे तेव्हा आठवत नव्हतं.

दुसरे डॉ. जुझे गेर्सन द कून्य. जन्म १८४४, बार्देशातल्या हडफड्याचे, मुंबईत डॉक्टरी. १९०० मध्ये वारले. रोगी तपासून उरलेल्या वेळात ह्या माणसानं सह्याद्रिखंडाची पोथी संपादून १८७७ मध्ये छापली, कोंकणी भाषेवर लिहिलं, मुंबईच्या इतिहासावर ग्रंथ केला आणि अफाट नाणी जमवली. इंडो-पोर्तुगीज नाण्यांवरचं त्यांचं लेखन १८८० नंतरच्या तीन-चार वर्षांत प्रसिद्ध झालं. नेमकी तीच वर्षं, जेव्हा गोव्याचा रुपिया कलकत्त्याला पाडला जाऊ लागला होता. एक नाणेपद्धत डोळ्यांदेखत संपत होती आणि हा डॉक्टर तिची नोंद करत बसला होता. डॉक्टरीवर त्यांचं घर चालत होतं, नाण्यांवर चालवायचं नव्हतं. म्हणून साध्या, हीन धातूच्या बाजारुकाकडेही त्यांना लक्ष देता आलं. ३७५ बाजारुकांचा एक अशर्फी व्हायचा. असलं किरकोळ नाणं धंदेवाल्यानं हातात धरलं नसतं.

छंद आणि धंदा ह्यांतला फरक मला इथे दिसतो. व्यापारी वाईट असतात असं मी म्हणत नाही. माझी निम्मी माहिती मला दोन-चार चांगल्या व्यापाऱ्यांनीच दिली. पण भाव ठरतो तो दुर्मीळपणावर आणि ठशाच्या उठावावर. नाणं कुठल्या घरातून आलं, कशाच्या शेजारी होतं, ह्याला भाव नाही. ज्याला त्यात आनंद आहे त्यानंच ते लिहून ठेवायचं.

सोनं असेल तर?

सोन्याचं नाणं निघालं की घरातली माणसं हळू आवाजात बोलू लागतात. आपल्या भागात सोन्याची दोन नाणी लोकांच्या आठवणीत आहेत. एक गोव्याच्या कदंबांचं, सिंहाचं चित्र आणि सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख असलेलं. तो देव मूळचा दिवाडीचा, नंतर नदीपलीकडे नार्व्याला आला, आणि त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. नार्वे आपल्याच तालुक्यात. आठशे वर्षांपूर्वीच्या नाण्यावरचा देव आजही आपल्या शेजारी पूजला जातो, ही गोष्ट किती ठिकाणच्या लोकांना सांगता येईल?

दुसरं म्हणजे पुतळी. आज पुतळ्यांची माळ सोनार घडवतो, पण मूळ पुतळी म्हणजे व्हेनिसचं डुकाट. साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ निखळ सोनं. त्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला प्रमुख. आपल्या बायकांनी त्यात दोन पुतळ्या पाहिल्या, कोणी रामसीता पाहिली, आणि नाणं गळ्यात गेलं. अशा किती माळा आटवून बांगड्या झाल्या असतील! आटवणाऱ्यांना मी दोष देत नाही. लग्नं, आजारपणं असतात. फक्त आटवण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि वजन लिहा, एवढंच सांगणं.

जमिनीत पुरलेलं काही सापडलं तर मात्र गोष्ट वेगळी. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या अशा निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतात आणि कोणाला ती खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाहीत. आणि मोबाईलवर 'जुनं नाणं द्या, लाखो मिळवा' असं आलं, आधी 'शुल्क' भरा म्हणाले, तर सरळ पुसून टाका. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून असे पैसे उकळले जात होते, म्हणून बँकेनं २०२१ च्या ऑगस्टमध्ये जाहीर इशारा दिला होता : आपण अशा व्यवहारात नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही.

आता कसं करतो

आता कोणी बोलावलं तर आधी भांड्यासकट फोटो. मग वरून खाली, थराथरानं. प्रत्येक नाणं कागदी पाकिटात. मऊ प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये तांब्याला हिरवा चिकटा धरतो. चिंच नाही, राख नाही, पॉलिश नाही. घासून गेलेला पृष्ठभाग परत येत नाही, आणि झीज मोजायची तर तीच खरवडून कशी चालेल? व्हर्नियरनं व्यास, काट्यावर ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत वजन. पाकिटावर चार ओळी : कोणत्या वाड्यावर, कशात, कशाच्या सोबत, घरातली माणसं काय सांगतात. नाणी घरच्यांकडे परत. माझ्याकडे वही राहते. अशा नऊ घरांच्या नोंदी आजवर झाल्या आहेत, त्यांत दोन ठिकाणी शिवराई आणि तांगा एकाच डब्यात निघाले. नऊ घरांवरून सिद्धांत मांडत नाही. पन्नास झाली की मंडळापुढे तक्ता ठेवीन.

शेवटची ओळ, घरच्यांच्या सांगण्याची, मी कधी सोडत नाही. त्याचं कारण ती चिंधी. तो १९१२ चा रुपिया अजून माझ्याकडे आहे. भरणीतला एवढाच एक न घासलेला, कारण चिंधीत तो स्वच्छच राहिला होता. हळदीच्या फडक्यात गाठ मारून कोणी आणि का ठेवला? नवसाचा होता? लग्नातला? विठ्ठलाला द्यायचा राहून गेलेला? आजी चार हातांवर चुलीपाशी बसली होती. विचारलं असतं तर तिनं एका वाक्यात सांगितलं असतं. मी नाण्यावरचं साल वाचण्यात गुंग होतो. दोन वर्षांनी आजी गेली.

तेव्हा ज्यांच्या घरी अशी भरणी, डबा, देव्हाऱ्यातली वाटी किंवा आजीचा बटवा असेल, त्यांनी तो पुढच्या बैठकीला तसाच घेऊन यावा. ओतू नका, घासू नका. आणि येण्याआधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारून या.